पेटी आणि वाकळ

पुराचा राडा ओला असतानाच काढावा लागतो. वाळला की दगड होतो, आणि झाडायला गेलं की धूळ होऊन छातीत जातो. हे मी जपानमध्ये शिकले. ओकायामाला शिकत होते. जुलै २०१८ च्या महापुरानंतर कुराशिकी शहरातल्या माबी भागात सुट्टीच्या दिवशी राडा काढायला जायचे. ताकाहाशी नदीच्या फुगवट्यानं ओदा नदीचं पाणी तुंबलं, बांध फुटले, माबीत ५१ माणसं गेली. फुगवटा म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तिथं घराच्या लाकडी फळ्या उचकटायच्या, पालथं पडून खालचा राडा ओढायचा. पोतं अर्धंच भरायचं, नाहीतर तोंडही बांधता येत नाही आणि उचलतही नाही. घरमालकाला विचारल्याशिवाय एकही वस्तू टाकायची नाही, आणि तिला कचरा म्हणायचं नाही.

हा शेवटचा नियम मी मोडला. तळ सुटलेली, राड्यानं भरलेली एक लाकडी पेटी मी ढिगावर ठेवून आले. तासाभरानं घरच्या आजोबांनी विचारलं, "इथं एक पेटी होती का?" ट्रक केव्हाच गेला होता. मी वाकून माफी मागितली. ते माझ्याहून खाली वाकले आणि जवाच्या थंडगार चहाचा पेला पुढे केला. पेटीत काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. मी तोवर परत आले होते. पाणी ओसरल्यावर बारा पोरं घेऊन कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली गावात गेले. मदतीचे ट्रक येत होते, पण कुठल्या घरात किती हात हवेत हे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. माबीत सकाळी रांगेत उभं राहिलं की अंगावर नावाची पट्टी आणि हातात घराचा पत्ता मिळायचा. याला पैसा लागत नाही, एक वही लागते. त्याची चीड मला अजून येते.

पोरं राबली, मनापासून राबली. पोती अर्धी भरा, राडा ओला असतानाच काढा, सगळं मी सांगितलं होतं. तो एक नियम सांगायचा राहिला.

दुपारी घरच्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, कोपऱ्यात वाकळ हुती. आईच्या लुगड्यांची." कचऱ्याची ट्रॉली तासापूर्वी गेली होती. मला बोलवेना. त्यांनीच माझा हात धरला. "पोरांस्नी सांगू नगं. तोंडं उतरतील त्यांची." मग शेजारच्या चुलीवर सगळ्यांना चहा ठेवला.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. फावडी वाटायच्या आधी मी तो नियम सांगितला. त्या बारांतला एकजण होता, त्यानं विचारलं, "का?" मी त्याला माबीच्या आजोबांच्या पेटीची गोष्ट सांगितली. वाकळीची नाही.