कुंडी जुलैच्या मापाची घ्या: कोकोपीटमधली घरातली मोठी झाडं

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पाच-सहा फुटी रबर प्लांट किंवा अरेका पाम ठेवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, किती इंची कुंडी घ्यायची? नर्सरीतलं उत्तर ठरलेलं: झाड मोठं आहे, सोळा इंची न्या. अंगणात, उन्हात, मातीत लावायचं असेल तर हे खपून जातं. घरात, कोकोपीटमध्ये (म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात) आणि तेही कोल्हापुरात लावायचं असेल तर या सोळा इंचीतच झाड कुजतं, आणि बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये.

आपल्याकडे उन्हाळा कोरडा आणि पावसाळा लांबलचक. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, हवा इतकी दमट की दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही ओलेच. जे कपड्यांचं तेच कुंडीचं. पान हवेत फारसं पाणी सोडत नाही, मूळ फारसं पाणी ओढत नाही, आणि वरून कोकोपीट आपल्या वजनाच्या आठपट पाणी धरून बसलेलं. एप्रिलमध्ये कुंडी लहान पडली तर पाणी जास्त वेळा घालता येतं. जुलैत मोठी पडली तर घातलेलं पाणी परत काढून घेता येत नाही. म्हणून माप ठरवायचं ते पावसाळ्यावर.

आधी इंच विसरा. कुंडीचा इंच म्हणजे फक्त तोंडाचा व्यास. आत किती बसतं ते त्यावरून डोळ्यांना कळत नाही. खाली निमुळती होत गेलेली साधी प्लॅस्टिकची कुंडी धरली तर ८ इंचीत साधारण ४ लिटर बसतं, १० इंचीत ८, १२ इंचीत १४, १४ इंचीत २३ आणि १६ इंचीत ३५ लिटर. म्हणजे आठवरून दहावर गेलात की माल दुप्पट झाला. दहावरून थेट चौदावर उडी मारली की जवळजवळ तिप्पट. ‘दोन-चार इंचांनी काय होतंय’ म्हणणाऱ्यानं हे आकडे एकदा बघावेत. ग्रो बॅगचा हिशोब आणखी निराळा. ती सरळसोट असते, त्यामुळे १२ बाय १२ च्या बॅगेत २२ लिटर मावतं. १२ इंची कुंडीतलं झाड १२ इंची बॅगेत हलवलं तर कागदावर माप तेच, प्रत्यक्षात दीडपट. शंका असेल तर कुंडीत प्लॅस्टिकची पिशवी पसरा आणि लिटरच्या बाटलीनं पाणी ओतत काठाखाली दोन इंचांपर्यंत भरा. पाच मिनिटांत खरं माप हातात.

आता झाडाची तहान मोजायची. झाड सध्या ज्या कुंडीत आहे तिला तळातून पाणी निथळेपर्यंत घाला, अर्धा तास थांबा आणि वजन करा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा यासाठी उत्तम. कुंडी जाड कापडी पिशवीत ठेवून टांगायची. तीन दिवसांनी, मध्ये पाणी न घालता, पुन्हा वजन. ९०० ग्रॅम उतरलं तर रोजची तहान ३०० मिलिलिटर, कारण एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. यात वरून उडून गेलेलं पाणीही आलं, तेही मोजायचंच आहे. झाड जिथे कायम राहणार त्याच जागी हे करा. खिडकीपाशी मोजून टीव्हीच्या बाजूच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर आकड्याला काही अर्थ उरत नाही. आणि मोजणी एप्रिल-मेमध्ये केली असेल तर आकडा निम्मा करा, म्हणजे पावसाळ्याच्या जवळ जाईल.

निथळलेल्या कोकोपीटमध्ये कुंडीच्या मापाच्या साठ-पासष्ट टक्के पाणी असतं. त्यातलं अर्धं झाडानं प्यायलं की पुढचं पाणी घालायची वेळ होते. म्हणजे वापरात येणारं पाणी कुंडीच्या साधारण तीस टक्के. हे तीस टक्के पावसाळ्यात आठ दिवसांत संपलं पाहिजे. म्हणून रोजची तहान लिटरमध्ये लिहा, आठनं गुणा, ०.३ नं भागा. ३०० मिलिलिटर पिणाऱ्या झाडाला ८ लिटर, म्हणजे १० इंची कुंडी. ५०० पिणाऱ्याला सव्वातेरा लिटर, म्हणजे १२ इंची. ८ लिटरच्या कुंडीतलं हेच झाड एप्रिलमध्ये रोज ६०० प्यायला लागलं तर चौथ्या दिवशी पाणी मागेल, आणि तेवढं कुणालाही जमतं. उलट त्याला सोळा इंचीत बसवलं तर जुलैत तीच निम्मी ओल उतरायला पस्तीस दिवस लागतील.

हा हिशोब दागिन्याच्या काट्याचा नाही. थोडं इकडेतिकडे चालेल, पण मुळांच्या गोळ्याभोवती एक इंच मोकळी जागा हवीच. हिशोबात आलेली कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा लहान निघाली तर खोट कुंडीत नाही, उजेडात आहे. झाड खिडकीजवळ न्या, तहान आपोआप वाढेल.

सहा फुटी झाडाला दहा इंची कुंडी? दिसायला विचित्र दिसेल, खरंय. पण शोभेची कुंडी आणि झाडाची कुंडी एकच असायला पाहिजे असं कुणी सांगितलं? आत दहा इंची साधी प्लॅस्टिकची आणि बाहेर चौदा इंची सिरॅमिक, सिमेंट किंवा वेताची. आतली कुंडी विटेच्या दोन तुकड्यांवर ठेवा, नाहीतर निथळलेलं पाणी बाहेरच्या कुंडीत साठून तळ पुन्हा तेच पाणी शोषतो. घरातला जुना तांब्याचा हंडाही बाहेरचं आवरण म्हणून झकास दिसतो. थेट हंड्यात मात्र झाड लावू नका. तळाला भोक नाही, ओल्या मुळांना तांबं सोसत नाही आणि गळा अरुंद. मुळं पोटात फुगली की एक तर झाड कापायचं नाहीतर हंडा.

मापाइतकीच महत्त्वाची उंची, आणि याकडे कुणी बघत नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. गळणं थांबलं की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. पाणी तेच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतही तसंच होतं. निथळून झाल्यावरही तळाशी एक थर पाण्यानं गच्च भरलेला राहतो. बारीक कोकोपीटमध्ये तो दोन-तीन इंचांचा असतो आणि कुंडी केवढीही घेतली तरी त्याची जाडी तेवढीच. सहा इंच उंचीच्या पसरट कुंडीत जवळजवळ निम्मी मुळं त्या चिखलात, बारा इंच उंच कुंडीत पाव हिस्सा. तेवढेच लिटर असतील तर उंच कुंडी घ्या.

याच कारणानं तळाला खडी किंवा खापऱ्यांचा थर घालायची जुनी पद्धत कोकोपीटमध्ये उलटी पडते. बारीक मालातलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, त्यामुळे गच्च थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पुरे. भोकं मात्र मोजून घ्या: १२ इंची कुंडीला १० ते १२ मिलिमीटरची निदान सहा, त्यातली दोन-तीन बाजूला, तळालगत. बऱ्याच शोभेच्या कुंड्यांना भोकाची फक्त खूण असते, भोक पाडलेलं नसतं. प्लॅस्टिकला साधा ड्रिल चालतो, सिरॅमिकला टाइल्सचा बिट लावून पाणी शिंपडत हळूहळू.

मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, म्हणून हिशोबापेक्षा एक माप मोठी चालते. पण दमट हवेत तिचा हा गुण निम्म्यावर येतो, आणि अंगावर खतांचे पांढरे क्षार फुटतात ते वेगळेच. खाली पाण्याची टाकी असलेल्या सेल्फ वॉटरिंग कुंड्या एप्रिल-मेमध्ये सोयीच्या, जून ते सप्टेंबर टाकी रिकामीच ठेवा.

कोकोपीटमध्ये भाजीपाल्याची, उसाची रोपं तयार करणाऱ्या रोपवाटिका जिल्ह्यात भरपूर आहेत, त्यामुळे पाच किलोची लादी शोधायला लांब जावं लागत नाही. ती पंचवीस-तीस लिटर पाण्यात भिजवली की साधारण ७० लिटर भुसा होतो. मोठ्या झाडाला नुसतं कोकोपीट वापरू नका: सहा भाग कोकोपीट, दोन भाग सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे (कोको चिप्स म्हणून मिळतात) आणि दोन भाग परलाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे पांढरे, हलके दाणे). या हिशोबानं १४ इंची कुंडीला १४ लिटर कोकोपीट लागतं, म्हणजे एका लादीत अशा पाच कुंड्या भरतात. परलाइट महाग वाटलं तर भट्टीच्या विटेचे अर्ध्या सेंटिमीटरच्या वरचे तुकडे चाळून, भुकटी काढून वापरा. बगॅस (उसाची चिपाडं) आपल्याकडे मुबलक आहे म्हणून तो मिसळायचा मोह होतो. तो टाळा. ताजा बगॅस कुंडीतच कुजायला लागतो, झाडाचं नत्र खातो आणि काही महिन्यांत खाली बसून निचराच बंद करतो.

लादी धुतल्याशिवाय वापरायची नाही. कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियम चिकटलेलं असतं. झाडाला घातलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम ते स्वतःकडे ओढून घेतं आणि बदल्यात हे सोडतं. नव्या पानांच्या कडा करपणं, पानं वाकडी निघणं हे बऱ्याचदा त्यातूनच येतं, आणि दोष कुंडीला दिला जातो. दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. पिण्याच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायचा टीडीएस मीटर घरात असेल तर निथळाचा आकडा नळाच्या पाण्याच्या आकड्यापेक्षा २०० च्या आत आला की थांबा. मग लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून एकदा निथळा. ठिबकसाठी विकतात तेच कॅल्शियम नायट्रेट, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. पुढे खत म्हणून दहा-बारा दिवसांनी लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत), आलटून पालटून कॅल्शियम नायट्रेट. पावसाळ्यात मात्रा निम्मी. दोन्ही एकाच डब्यात घट्ट कालवू नका, पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षार आधीच जास्त. दर वेळी घातलेल्या पाण्याचा दहावा हिस्सा तरी तळातून बाहेर पडू द्या.

भरताना दाबू नका, कुंडी दोनदा जमिनीवर आपटली की पुरे. भुसा पहिल्या काही महिन्यांत इंचभर खाली बसतो, म्हणून काठाशी दीड इंच जागा सोडून भरा आणि नंतर वरून भर घाला. भर घालताना खोड पूर्वी होतं त्यापेक्षा खोल गाडलं जाता कामा नये.

वजनाचं गणितही दोन्हीकडून बघा. ३५ लिटरची ओली कोकोपीटची कुंडी २५ ते २८ किलो भरते, तेवढीच मातीनं भरलेली पन्नासच्या पुढे. बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्याला फरक विचारा. पण हलकेपणाची दुसरी बाजू अशी की सुकत आलेली १० इंची कुंडी आणि वर सहा फुटांचं फिडल लीफ फिग, म्हणजे वाऱ्याच्या एका झोतानं झाड आडवं. वजन बाहेरच्या कुंडीत द्या, दोन कुंड्यांमधल्या फटीत दगडगोटे भरून. आतल्या कुंडीत नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या फॅब्रिकेटरला सांगितलं तर अँगलचं चार चाकांचं स्टँड हव्या त्या मापात करून मिळतं. दोन चाकांना ब्रेक मागून घ्या.

झाडाझाडात फरक आहेच. अरेका सगळ्यात तहानलेला आणि मुळं हलवलेली न आवडणारा; त्याला एक माप मोठी आणि उंच कुंडी चालते. रबर प्लांट आणि फिडल लीफ फिगला हिशोबाइतकीच, मोठी अजिबात नको. मॉन्स्टेराची जाड मुळं रुंदी मागतात, आणि आधाराची काठी कुंडीबदलाच्या वेळीच तळापर्यंत रोवायची. मागून खुपसली की मुळं तुटतात. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांटला या मिश्रणात लावूच नका. त्यांच्यासाठी कोकोपीट तिसरा हिस्सा, बाकी विटेचे तुकडे आणि जाड वाळू, आणि कुंडी मुळांना घट्ट बसणारी.

कुंडी मोठी झाली हे ओळखायची घाई पानं बघून करू नका, पानं सगळ्यात शेवटी बोलतात. आधी चिलटं येतात. मग वरच्या थरावर हिरवट शेवाळ. मग भोकाशी नाक नेलं तर गटारासारखा वास. कोकोपीट वरून लवकर फिकट तपकिरी पडतं, खाली मात्र गच्च असतं. रंग बघून पाणी घालणाऱ्यांची झाडं इथेच जातात. दोन इंच बोट घाला किंवा सरळ वजन करा. पाऊस सुरू असताना दहा दिवसांनंतरही कुंडी निम्मी हलकी झाली नसेल तर झाड बाहेर काढा. काळी, सालटं सुटणारी मुळं कात्रीनं छाटा, उरलेल्या गोळ्याला इंचभर जागा राहील एवढ्याच कुंडीत नव्या, पिळल्यावर एखाद-दोन थेंब पडतील इतपत ओल्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी घालू नका. खतही नवं पान फुटेपर्यंत नको.

निरोगी झाडाचा कुंडीबदल फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, म्हणजे पावसाच्या आधी मुळांना तीन महिने पसरायला मिळतात. भोकांतून मुळं डोकावताहेत आणि उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत कुंडी हलकी होतेय, ही वेळ झाल्याची खूण. वर जायचं ते दोनच इंच.