तुम्ही विचारलंत म्हणून: दोघंच आहोत, मग दोन वेगळे बेड का?

दोघंच असून दोन सिंगल बेडवाली कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, का घेतलीत? कोणी दारातून आत डोकावून विचारतं, कोणी फोटो बघून, आणि काहीजण तर विचारतही नाहीत, नुसतं "अच्छा, वेगळे वेगळे बेड" म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. परवा एकीने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सगळं बरं आहे ना गं तुमचं?" बरं आहे. आता एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच वाचायला देईन.

लेआउटचे, म्हणजे आतल्या मांडणीचे, प्रकार तुम्हाला माहीतच आहेत, ते परत सांगत बसत नाही. आमच्या आधीच्या कॅराव्हॅनमध्ये फ्रेंच बेड होता, मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटलेला, समोर वॉशरूम, आणि जायला वाट राहावी म्हणून पायाकडचा एक कोपरा तिरका कापलेला. कमी लांबीत कायमचा डबल बेड बसवायचा तर ही युक्ती चांगलीच आहे, तिला मी नावं ठेवत नाही. मध्ये किचन, पुढे समोरासमोर दोन लांब सोफे, तीन बाजूंनी खिडक्या. दिवसा मला ती कॅराव्हॅन फार आवडायची आणि अजूनही आठवते. एका सोफ्यावर मी पाय पसरून, समोरच्यावर नवरा, मध्ये पुस्तकांचा पसारा. विकत घ्यायच्या आधी बघायला गेलो तेव्हाही आम्ही तसेच समोरासमोर बसलो होतो, खिडक्या उघडून पाहिल्या, कपाटं मोजली, बेडची मॅट्रेस हाताने दाबून पाहिली. त्यावर दोघांनी आडवं होऊन, मग आतल्याने उठून वॉशरूमपर्यंत जाऊन पाहिलं नाही. बघायला गेलेलं कोणी असं करतं का? मी तरी अजून कोणाला करताना पाहिलं नाही.

भिंतीकडे तो झोपायचा, बाहेरच्या बाजूला मी. आतल्याला उठायचं तर दोनच रस्ते, एक माझ्या अंगावरून आणि दुसरा पायाकडे सरकत सरकत जाऊन त्या कापलेल्या कोपऱ्यावरून खाली. त्यात भिंतीकडची बाजू थंड, रात्रभर दोघांच्या श्वासाची वाफ तिथेच धरायची, सकाळी मॅट्रेसची कड उचलली की खालची फळी ओली. खाली हवा खेळेल अशी जाळी घातली, रात्री छताची खिडकी थोडी उघडी ठेवायला लागलो, फरक पडला पण पूर्ण गेलं नाही. त्याने कधी तक्रार केली नाही. मला वाटायचं त्याला भिंतीशी झोपायला बरं वाटतं.

त्या रात्री पाऊस होता, छतावर एवढा आवाज की आपलंच बोलणं ऐकू येऊ नये. मला जाग आली ती आवाजाने नाही, हादऱ्याने. कॅराव्हॅन हलकी असते, आत कोणी जोरात पडलं की सगळी हलते. मी शेजारी हात फिरवला तर जागा रिकामी. डोक्यावरचा छोटा दिवा लावला आणि पायाकडे पाहिलं, तर तो खाली, किचन आणि समोरच्या कपाटाच्या मधल्या पट्टीत पालथा. पांघरुणाचं एक टोक त्याच्या पायात आणि दुसरं अजून बेडवर. त्याचे पाय माझ्याकडे होते आणि तोंड पलीकडे. मी हाक मारली. पावसात त्याला ऐकू गेली नाही, की तो उत्तर देत नव्हता, ते मला कळेना.

आता ही पट्टी डोळ्यासमोर आणा. एक माणूस सरळ चालेल एवढीच ती रुंद, आणि त्याच्या खांद्यांनी ती पूर्ण भरली होती. त्याच्या एका बाजूला पाऊल टेकावं तर जागा नाही, दुसऱ्या बाजूलाही नाही. बाहेर जायचं दार त्याच्या पलीकडे, माझा फोन सोफ्याजवळ चार्जिंगला म्हणजे तोही पलीकडे. घरात माणूस पडला तर आपण धावत त्याच्या डोक्याशी जातो, इथे धावायला काही नव्हतंच, नवरा डोळ्यासमोर होता आणि त्याचा चेहरा बघायचा तर त्याच्यावरून जायला लागणार होतं. मी एक गुडघा किचनच्या ओट्यावर टेकवला, वरच्या कपाटाची कड धरली, ते कपाट उघडलं आणि आतले कप माझ्या खांद्यावरून त्याच्या पाठीवर पडले. प्लास्टिकचे होते. तरी तो आवाज माझ्या कानात आहे. कशीबशी पलीकडे उतरले, त्याच्या डोक्याशी बसले, तर डोळे उघडे होते. आणि पहिलं वाक्य काय बोलला, तर "तुला उठवायचं नव्हतं गं."

घोटा मोडला होता, कपाळावर खोक पडली होती. शेजारच्या कॅराव्हॅनमधलं जोडपं धावत आलं, पण आत एका वेळी एकच माणूस त्याच्यापर्यंत पोचत होता, दुसरा नुसता दारात उभा. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांचं स्ट्रेचर त्या अरुंद दारातून आत वळेना, शेवटी त्याला बसतं करून, मागून काखेत हात घालून, ओढत दारापर्यंत आणलं. प्रत्येक वेळी पाय कुठेतरी लागायचा आणि तो दात आवळायचा.

पण मला लागलं ते दुसरंच. हॉस्पिटलमध्ये नर्सने नेहमीचे प्रश्न विचारले, रात्री किती वेळा उठता, पाणी किती पिता. तर हा तिला सांगतो, घरी व्यवस्थित पितो, पण कॅराव्हॅन घेऊन निघालो की संध्याकाळनंतर पाणी बंद करतो, म्हणजे रात्री हिच्या अंगावरून जायला नको. हे त्याने मला कधीही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं, मी शेजारी उभी असताना. इतकी वर्षं मी ज्याला आमच्या सुट्ट्या म्हणत होते त्यात हा माणूस रोज संध्याकाळपासून तहानलेला राहत होता आणि पहाटे भिंतीकडे तोंड करून उजाडायची वाट बघत पडत होता, का, तर बेडचा एक कोपरा कापलेला आणि मी त्याच्या वाटेत झोपलेली. मी त्याच्यावर चिडले. मोडलेल्या पायाच्या माणसावर, हॉस्पिटलमध्ये, नर्ससमोर. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही, चिडायलाच हवं होतं.

लोक इथे म्हणतात की मग जागा बदलून झोपायचंत. बदलून काय होतं? मग मी भिंतीकडे आणि मी पाणी बंद करणार. त्या बेडवर दोघांपैकी एक जण कोंडलेला असतोच, कोण कोंडायचं एवढंच आपल्या हातात.

दुसरा सल्ला म्हणजे आयलंड बेड घ्यायचा, म्हणजे मधोमध ठेवलेला, दोन्ही बाजूंनी उतरता येतं. त्यालाही तोच हवा होता, अजूनही हवा आहे. मी टेप घेऊन गेले होते. २.३ मीटर रुंदीची नेहमीची कॅराव्हॅन धरा, भिंतींची जाडी गेल्यावर आत जेमतेम २.१५ ते २.२ उरतात. त्यात १.३५ मीटर रुंद बेड मधोमध उभा ठेवला की दोन्ही बाजूंना राहतात साधारण चाळीस-चाळीस सेंटीमीटर. मोडलेला घोटा आणि कुबडी घेऊन चाळीस सेंटीमीटरमधून जाऊन दाखवा मला. आडवा आयलंड बेड असतो, दिवसा आत सरकवून ठेवायचा, रात्री ओढून लांब करायचा, पण ओढला की पायाकडची वाट नेमकी रात्रीच अरुंद होते, आणि वॉशरूम बहुतेक वेळा त्याच वाटेच्या टोकाला. शिवाय त्या बेडने इतकी जागा खाल्ली की पुढचे सोफे आखूड झाले, त्यावर दोघांना पाय पसरता येईनात. मग दिवसभर बसायचं कुठे, बेडवर?

आणि रोज सोफ्यांचाच बेड करायचा लेआउट? छोट्या आणि हलक्या कॅराव्हॅनसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मान्य. पण तो नऊला झोपतो आणि मी बाराला. त्याचा बेड घातला की माझं बसणं संपलं.

तेव्हा दोन सिंगल बेड, लांबीच्या दिशेने, मध्ये चालायची वाट, आणि ती वाट सरळ वॉशरूमच्या दारात. कोणी कोणाच्या वरून जात नाही. एकजण पडलाच तर दुसऱ्याच्या बेडवरून त्याच्या डोक्यापर्यंत जाता येतं, हे मी विकणाऱ्याच्या समोर नवऱ्याला जमिनीवर झोपायला लावून तपासलं. तो झोपलाही बिचारा, पाय नुकताच बरा झालेला. आणखी एक गोष्ट, जी आम्हाला घेतल्यानंतर कळली. बेड लांबीच्या दिशेने असले की उताराच्या जागेवर डोक्याकडची बाजू वर-खाली करायचं काम पुढचं जॉकी व्हील, म्हणजे कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाचं छोटं टेकूचं चाक, फिरवून होतं, दोन मिनिटांत. आडव्या बेडला तेच करायला चाकाखाली उतार घालून कॅराव्हॅन पुढे-मागे करावी लागते, आणि पावसात पोचलं की ते कोणीच नीट करत नाही, मग रात्रभर डोक्यात रक्त उतरतं.

तोटे आहेत, लपवत नाही. आमचे बेड पुढच्या भागात, एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पुढे. त्यांच्या खाली भलीमोठी जागा, आणि जागा दिसली की माणूस भरतो. आम्हीही तिथे ऑनिंग (बाहेर लावायचा कापडी मांडव), खुर्च्या, हत्यारांची पेटी सगळं ठेवायला लागलो आणि नोज वेट, म्हणजे कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाचं गाडीच्या हुकवर येणारं वजन, टोबारच्या, म्हणजे तो हुक बसवलेल्या दांड्याच्या, मर्यादेला जाऊन टेकलं. कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के वजन हुकवर यावं असं सर्वसाधारणपणे सांगतात, कमी झालं तर मागचा भाग डुलायला लागतो, जास्त झालं तर गाडीची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. आता जड ते एक्सलजवळ खाली जमिनीलगत, आणि बेडखाली फक्त पांघरुणं. म्हणजे जिच्यासाठी विकणारा कौतुक करत होता ती जागा निम्मी रिकामी. लेआउट बघताना बेड आणि सोफा बघतात, पण सामान चाकांच्या मानाने कुठे येणार हे कोणी बघत नाही, आणि गाडी ओढताना तर तेच सगळं असतं.

आणि आता ते, ज्यासाठी तुम्ही खरं म्हणजे विचारता. हो, मला मधली वाट जाणवते. पहिल्या काही रात्री तर झोपच नाही लागली. जुन्या कॅराव्हॅनच्या वेळची मी ठामपणे म्हणायची की वेगळे बेड म्हणजे हॉस्पिटलचा वॉर्ड, एवढ्या लांब जायचं आणि मग वॉर्डात झोपायचं का. ती अगदीच काही चुकीचं बोलत नव्हती. रात्री पावसाला सुरुवात झाली की शेजारच्याला न बोलता कोपर मारून "ऐकलंस?" करता यायचं, ते आता हात लांब करून करावं लागतं आणि तोवर तो घोरायला लागलेला असतो. दोन बेडच्या मधून पट्ट्या ओढून वर गादीचा तुकडा टाकला की भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच मोठा बेड होतो, तेही आहे आमच्यात. थंडी असली की करतो. पण तसं केलं की मधली वाट बंद, दोघांनाही पायाकडूनच उतरायचं, आणि तशा संध्याकाळी मी त्याच्या पाण्याच्या ग्लासवर लक्ष ठेवून असते. तो म्हणतो, तू माझी आई झालीस. तेही खरं आहे आणि मला ते आवडत नाही.

१९३१ मध्ये जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स यांनी तिथली पहिली कॅराव्हॅन बांधली ती त्यांच्या जोडीदार फ्रिडेलसाठी. ते धंद्याच्या कामाने सारखे फिरतीवर, ती चित्रकार, तिला बरोबर जायचं होतं आणि वाटेत चित्रं काढायची होती. दोघं बरोबर राहावीत म्हणून, आणि त्यातल्या एकीला दिवसभर काय करायचंय ते बघून. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण "जोडप्यासाठी" म्हणून आज जे दाखवतात त्यात आधी बेड ठरतो आणि मग उरलेल्या जागेत माणसं बसवतात. तुम्ही दोघं दिवसभर काय करता, कोण आधी झोपतं, कोण रात्री उठतं, कोणाचा गुडघा दुखतो, हे एकाही विकणाऱ्याने आम्हाला विचारलं नाही. तुम्हीही विचारत नाही, तुम्ही बेड मोजता.

त्याला हे सगळं वाचून दाखवलं. पडण्याचं आणि पाण्याचं राहू दे म्हणाला. आयलंड बेडबद्दल मात्र त्याला मान्य नाही, त्याचं म्हणणं असं की मी रुंद बेड धरून मोजलं, थोडा अरुंद घेतला असता तर पन्नास सेंटीमीटर सहज मिळाले असते, आणि २.५ मीटर रुंद कॅराव्हॅनही मिळतात. मिळतात. त्या ओढायला आमची गाडी पुरेल का, आणि आम्ही जातो त्या अरुंद रस्त्यांवर त्या निभतील का, यावर काल रात्री जेवणं झाल्यावर परत सुरू झालं ते तो झोपायला जाईपर्यंत. टेप अजून टेबलावरच आहे, रविवारी एक बघायला जायचंय म्हणतोय. जाईन मी. पण आधी तो आतल्या बाजूला झोपेल, मी बाहेरच्या, आणि विकणारा काहीही म्हणो, दिवा न लावता उठून वॉशरूमपर्यंत जाऊन दाखवायचं, मग बोलू.