उकिरड्यातील बाटल्या : तिसऱ्या खोदाईची नोंद आणि एक दुरुस्ती

मागच्या नोंदीत मी या उकिरड्यातला राखेचा थर १८६० च्या आसपासचा असल्याचे लिहिले होते. ते मत आज मागे घेतो. त्या थरातून निघालेल्या पहिल्या बाटलीच्या अंगावर साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उमटणारी उंच रेघ, नव्हती आणि तेवढ्यावरून ती साच्याविना फुंकलेली आहे, असे मी गृहीत धरले होते. बाटली धुऊन तिरप्या उजेडात सावकाश फिरवली, तेव्हा तिच्या अंगावर केसासारख्या बारीक आडव्या रेघा सभोवार गेलेल्या दिसल्या. काच मऊ असतानाच बाटली ओल्या साच्यात गोल फिरवली की शिवण पुसली जाते आणि अशा रेघा मागे राहतात. बुडाशी पाँटिलचा, म्हणजे तोंड घडवताना बाटली बुडाकडून धरून ठेवणाऱ्या सळईचा, खरबरीत व्रणही नव्हता. हे मी आधीच पाहायला हवे होते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरात होती, म्हणजे माझा अंदाज काही दशकांनी चुकला.

या खोदाईत त्याच थरातून आणखी दहा बाटल्या अखंड निघाल्या. त्यांपैकी आठांची शिवण मानेवर ओठाच्या खालीच विरून जाते, कारण तोंड नंतर हत्याराने फिरवून घडवलेले आहे. उरलेल्या दोन बाटल्यांची शिवण मात्र थेट ओठाच्या कडेवरून पलीकडे उतरते, आणि त्यांच्या बुडावर किंचित एका बाजूला सरकलेले, पिसासारख्या विस्कटलेल्या कडांचे वर्तुळ आहे. ही खूण मायकेल ओवेन्स यांच्या बाटल्या बनवणाऱ्या स्वयंचलित यंत्राची असून त्या यंत्राला १९०४ साली पेटंट मिळाले. या दोन बाटल्या वरून घसरून आल्या असाव्यात, अशी शंका मला प्रथम आली. परंतु त्यांच्यावरचा चिकणमातीचा पापुद्रा सलग होता, त्यामुळे थर त्या काळाआधी बंद झालेला नाही, हे मान्य करावे लागते. बाटल्या धुऊन पुन्हा पुन्हा भरल्या जात, त्यामुळे सर्वांत जुनी बाटली थराचे वय सांगत नाही. थर कोणत्या काळानंतरचा आहे, हे सर्वांत नवी बाटली सांगते.

रंगावरून काळ ठरवण्याचा मोह मला अजूनही होतो, म्हणून एक जोडी मुद्दाम टेबलावर ठेवली आहे. एकाच बाटलीचे हे दोन तुकडे कडेला कड लावली की तंतोतंत जुळतात. पृष्ठभागावर उन्हात पडलेला तुकडा फिकट जांभळा, तर राखेत गाडलेला स्वच्छ पांढरा आहे. लोखंडामुळे काचेला येणारी हिरवट छटा घालवण्यासाठी तिच्यात मँगनीज मिसळत आणि अतिनील किरणांनी ते हळूहळू जांभळे होते. जांभळेपणावरून मँगनीज आणि ऊन यांच्यापलीकडे फारसे काही कळत नाही.

हायरम कॉड यांच्या १८७२ च्या पेटंटातल्या, मानेतल्या काचेच्या गोटीने तोंड बंद होणाऱ्या सोड्याच्या बाटलीची नुसती चिमटलेली मानही सापडली, पण गोटी नव्हती. गोटीसाठी मुले अशा बाटल्या फोडत, हे ठाऊक असूनही मी ती मान तीनदा हलवून पाहिली.

सफाईत माझ्याकडून एक नुकसान झाले. जमिनीतून काढलेली गार बाटली मी कोमट पाण्यात सोडली आणि ती खांद्यापासून बुडापर्यंत तडकली. आता बाटल्या आधी दिवसभर सावलीत ठेवतो. काचेतले क्षार झिरपून तयार झालेला इंद्रधनुषी पापुद्रा मी खरवडत नाही, कारण तो मळ नसून खुद्द काचेचाच झिजलेला थर असतो.

गडद निळी, उभ्या कंगोऱ्यांची एक लहान बाटली अजून अनिर्णित आहे. अंधारात हाताला कळावे म्हणून विषाच्या बाटल्यांना असे कंगोरे देत. तिच्या बुडावरची उठावदार अक्षरे मातीने भरली आहेत. ती लाकडी काडीने मोकळी करून कागदावर पेन्सिलीने त्यांचा ठसा घेईन.