मिठाला पाणी सुटतं तेव्हा

मृग लागला की गोव्यातल्या घराघरांत मिठाला पाणी सुटतं. मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीत म्हापशाच्या बाजारातून आणलेलं जाडं, करडं मीठ बरणीच्या तळाशी पातळ होऊन बसतं. मग बरणीत तांदळाचे दाणे टाका, ती चुलीजवळ सरकवा, असे उपाय सुरू होतात. आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "मीठच वाईट दिलं मेल्यानं."

विकणाऱ्याची नाही, पण मिठाची बाजू मी घेईन. शुद्ध सोडियम क्लोराइड, म्हणजे निव्वळ मीठ, हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत कोरडं राहतं. आपल्या पावसाळ्यापुढे तेही हात टेकतं म्हणा, पण पहिलं पाणी सुटतं ते त्याच्यासोबत आलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडला. ते जेमतेम 33 टक्क्यांना पाघळतं. म्हणजे त्याला पाऊस कशाला, गोव्यातला हिवाळाही पुरतो.

हे पाहुणं येतं कुठून, ते पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांवर कळतं. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून आत घ्यायचं आणि एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं. पाणी आटत जातं तसे आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग जिप्सम, मग मीठ. मॅग्नेशियमचे क्षार मात्र शेवटपर्यंत पाणी सोडत नाहीत. ते कडवट पाणी वेळेवर काढून टाकलं, मिठाची रास घालून नीट निथळू दिली, तर मीठ चांगलं. घाई केली तर कडूपणा दाण्यांना चिकटून आपल्या बरणीत येतो.

मीठ आणि हे मॅग्नेशियम म्हणजे एका वाड्यावरचे शेजारी. कुणी किती असावं याला नियम नाही आणि दोघांचे स्वभाव शाबूत. याला मिश्रण म्हणतात. मिठाच्या एका कणाच्या आत सोडियम आणि क्लोरीनचं जे झालेलं असतं ते वेगळंच, त्याला संयुग म्हणतात.

सोडियम हा सुरीनं कापता येणारा मऊ, चकचकीत धातू. रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, कारण पाण्यात पडला की पेट घेतो. हम्फ्री डेव्हीनं 1807 साली तो पहिल्यांदा वेगळा काढला. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू, 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडलेला. सोडियमच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तर क्लोरीनला आठ पुरे व्हायला एक कमी. तो एक इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो, दोघांवर विरुद्ध भार येतात, आणि त्या ओढीनं रचले जातात आपल्या आमटीतले दाणे. आग नाही, विष नाही.

शिवाय इथे प्रमाण ठरलेलं. 23 ग्रॅम सोडियमला साडेपस्तीस ग्रॅम क्लोरीन. सोडियम 30 ग्रॅम दिलं तर 7 ग्रॅम तसंच उरेल. प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञानं 1799 मध्ये हेच मांडलं: निसर्गात मिळालेलं असो की प्रयोगशाळेत केलेलं, कॉपर कार्बोनेटमधली प्रमाणं तीच. बर्थोले हा दुसरा फ्रेंच रसायनज्ञ प्रमाणं बदलू शकतात म्हणत त्याच्याशी बरीच वर्षं वाद घालत राहिला, पण बर्थोलेची उदाहरणं निघाली द्रावणांची आणि मिश्रधातूंची, म्हणजे मिश्रणांचीच. गोव्यातल्या माणसाला हा वाद समजायला सोपा जावा. शुद्ध हेमटाइट या लोहखनिजात 70 टक्के लोखंड, मग ते डिचोलीचं असो की ब्राझीलचं. खाणवाले ज्या 'ग्रेड'वरून घासाघीस करतात ती सगळी सोबत आलेल्या मातीची, सिलिकाची आणि इतर संयुगांची.

हे एवढं साधं, तरी लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात. पुडीतलं मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात अत्यल्प पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात. त्यातलं 'सायनाइड' वाचून अधूनमधून मोबाइलवर हलकल्लोळ उठतो. त्यातला सायनाइड लोखंडाशी इतका घट्ट बांधलेला असतो, की एवढ्याशा मात्रेत तो पोटात गेला तरी विष म्हणून मोकळा होत नाही. भ्यायचंच असेल तर मग सोडियमला आणि क्लोरीनलाही भ्या, ते तर पुडीत जवळजवळ शंभर टक्के आहेत!

आमच्याकडे बरणीत चिखल झालेलं मीठ माडाच्या मुळाशी जातं. ही केवळ टाकाऊची विल्हेवाट, असं मला वाटायचं. पण माडाला क्लोरीन खरोखरच हवं असतं. पानांवरची सूक्ष्म रंध्रं उघडमिट करायला तो ते वापरतो. फक्त त्याला ते वायूच्या रूपात नको, क्लोराइड म्हणून हवं. सोबत मॅग्नेशियमही आलं, तर माडाची त्यालाही ना नाही.