डोकं खाली का जातं?

अमेरिकेतल्या महिलांच्या एका टॅकल फुटबॉल (म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून खाली पाडायचा, म्हणजेच टॅकल करायचा, अमेरिकन फुटबॉल) संघात हेल्मेट आणि शोल्डर पॅड (खांद्यांवरचं चिलखत) बघण्याचं काम माझ्याकडे आहे. हंगामाआधी पूर्ण पॅड चढवून पहिला सराव होतो, तेव्हा कुणाचं काय सैल आहे ते उघडं पडतं. यंदाच्या त्या सरावात आमच्या लाइनबॅकरच्या (बचावातल्या, पुढच्या फळीच्या मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूंच्या) कोचनी जे पकडलं, ते हे काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं म्हणून लिहितोय.

एक नवी लाइनबॅकर टॅकल करताना शेवटच्या पावलाला मान खाली घालत होती. याहून धोकादायक सवय या खेळात नाही. मान पुढे वाकली की तिचा नैसर्गिक बाक सरळ होतो, आणि टाळूवर बसलेला धक्का स्नायूंनी न झेलता थेट मणक्यांत उतरतो. बाजूने सगळे "डोकं वर, डोकं वर" ओरडत होते. ती जीव तोडून प्रयत्नही करत होती.

कोचनी ओरडणं थांबवलं आणि सरावच खालच्या पायरीवर आणला. टॅकल पाच पायऱ्यांनी शिकवतात: समोर काहीच न ठेवता नुसती हालचाल, मग बॅगवर (सरावाच्या गादीवर), मग बेताच्या वेगात एकमेकींवर, मग पूर्ण वेगात धडक पण खाली न पाडता, आणि शेवटी खरी टॅकल. ती चौथ्या पायरीवर होती. बॅगवर आणली, तरी मान गेली. समोरून बॅगही काढली, तरी गेली. इथे कोचना खात्री पटली की हे भीतीचं काम नाही. भिडायला कुणी नसेल तर भीतीने मान जात नाही.

मग त्यांनी तिला टॅकलच्या बैठकीतच थांबवलं: गुडघे वाकलेले, पाठ सपाट, नजर समोर. स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मला बोलावलं. पॅडची मागची कड वर सरकून हेल्मेटच्या खालच्या काठाला टेकली होती आणि हेल्मेट पुढे ढकलत होती. त्यात केसांचा उंच अंबाडा. हेल्मेटची पुढची कड, जी भुवयांच्या साधारण एक इंच वर हवी, ती थेट भुवयांवर आली होती.

पॅड तिने वापरलेले विकत घेतले होते. महिलांच्या संघांत बहुतेकजणी पदरमोड करून खेळतात, त्यामुळे हे नेहमीचंच. पुरुषांच्या घडणीचे पॅड छातीच्या मापाने घेतले की खांद्यांवर रुंद होतात. माप घ्यायचं ते एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाठीमागून. तिला एक माप लहान पॅड दिले, काखेखालचे पट्टे जेमतेम दोन बोटं जातील इतके आवळले, अंबाडा सोडून मानेलगत वेणी घालायला लावली आणि हेल्मेट नव्याने बसवलं. हेल्मेटची तोंडापुढची जाळी धरून हलवली की कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे; हेल्मेट नुसतंच फिरलं तर ते सैल आहे.

पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. मान वर राहिली. बॅगवरही राहिली.

आमच्या कोच स्वतः अनेक वर्षं लाइनबॅकर खेळल्यात. त्या बैठकीत मानेमागे काय टोचतं, हे त्यांच्या अंगाला ठाऊक आहे. मैदानावरून कोचिंगकडे आलेल्या बायकांची वाट आता रुळते आहे. डॅलस डायमंड्स या महिलांच्या संघाकडून लाइनबॅकर खेळलेल्या जेन वेल्टर 2015 मध्ये अ‍ॅरिझोना कार्डिनल्सच्या प्रशिक्षण शिबिरात इनसाइड लाइनबॅकर्सना शिकवायला गेल्या आणि एनएफएलमधल्या (पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक लीगमधल्या) पहिल्या महिला कोच ठरल्या. क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हाती असलेली खेळाडू) म्हणून खेळलेल्या केटी सोवर्स 2020 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या कोचिंग चमूत होत्या. पुढच्याच वर्षी सुपर बोल टँपा बे संघाने जिंकला, तेव्हा त्यांच्या बचाव फळीच्या सहायक कोच लोरी लोकस्ट होत्या. त्याही महिलांच्या संघातून खेळलेल्या. "खेळून आल्या म्हणून घेतल्या" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. खेळलेलं शरीर जे ओळखतं, ते पायऱ्यांत मोडून दुसरीला दाखवता येणं हे वेगळं कसब आहे आणि ते कमवावं लागतं.

त्या सरावानंतर आमची तपासणी बदलली. आता पॅड आणि हेल्मेट उभं राहून पास झाले तरी पुरत नाही. प्रत्येकीला टॅकलच्या बैठकीत बसवतो, हात पुढे मिठीत घ्यायला लावतो, आणि मागून मानेची फट बघूनच बॅगवर सोडतो.