मोलगीचे काका, पडावाचे मामा

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वार्षिक मेळा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात असायचा. पुण्या-मुंबईकडून येणारे वक्ते रुमालाने मान पुसत दरवर्षी तेच विचारायचे, "जानेवारीत का नाही ठेवत हो? तुमच्याकडची थंडी छान असते म्हणे." असते ना. पण नवापूर तालुक्यातली कितीतरी घरं दिवाळी झाली की कोयते बांधून बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. जानेवारीत मेळा ठेवला तर मांडवात चर्चचे पाळकसाहेब, मास्तरलोक, चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलातल्या नर्सबाई आणि म्हातारी माणसं एवढेच बसणार. म्हणून मे. लग्नं उरकलेली, आंबे उतरलेले, पेरणीला अजून थोडे दिवस. पाहुण्यांना घाम येतो तर येऊ दे.

मांडव शाळेच्या मैदानात पडायचा. वर जांभळाचे डहाळे, खाली ताडपत्र्या, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि मधल्या वाटेत आम्ही पोरं. पेटी, ढोलकी, टाळ. सकाळी प्रार्थना, मग वचन म्हणजे बायबलवरचं प्रवचन, मग जेवण, दुपारी संघांच्या सभा, रात्री भजनं आणि कीर्तन. जेवणात डाळ-भात ठरलेला. एका दिवशी दोंडाईचा-शिरपूरकडच्या बायका कळण्याच्या भाकरी आणि ठेचा करायच्या. त्या दिवशी नवापूरकडची तांदूळ खाणारी मंडळीसुद्धा डोळे पुसत पुसत तिसरी भाकरी मागायची.

पण आम्हा पोरांना ओढ असायची ती गावोगाव येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या प्रचारकांची. ते मेळ्याला हमखास यायचे, कारण एकदा पाऊस लागला की सातपुड्यातल्या वाटा बंद आणि मग थेट दिवाळीनंतरच सगळ्यांची गाठ. त्यांची खरी नावं आम्हाला फार उशिरा कळली. आमच्यासाठी ते ज्या वाटेने फिरायचे तेच त्यांचं नाव. अक्कलकुवा, मोलगी, धडगाव असा वरचा मुलूख पायी तुडवणारे ते मोलगीचे काका. टायरच्या चपला, खांद्यावर शबनम, पावलं रुंद आणि भेगाळलेली. दुसरे पडावाचे मामा. आमची माणसं गुजरातेत ऊस तोडायला गेली की ज्या पालांच्या वस्तीत राहतात तिला पडाव म्हणतात. मामा सुरत-भुसावळ पॅसेंजर पकडून जायचे आणि एका पडावावरून दुसऱ्या पडावावर फिरायचे. भजन रात्रीच घ्यावं लागे, तेही माणसं तोडणीवरून येऊन भाकरी खाऊन झाल्यावर. कधी मध्यरात्रीच गाडी भरायची हाक यायची आणि अर्धं भजन तसंच राहायचं. मामा सांगायचे, "प्रार्थनेला आमेन म्हणायच्या आत ट्रक येतो." पोरं खो खो हसायची, कारण त्यातल्या निम्म्यांनी तो ट्रक स्वतः बघितलेला असायचा.

हे फिरणं आमच्याकडे नवं नव्हतं. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केलं. ती मिशन १८९० साली सुरू केली फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी आणि ते स्वतःच देशोदेशी फिरणारे प्रचारक. १९४९ साली तिचं नाव बदललं आणि लोकांच्या तोंडी टीम मिशन एवढंच राहिलं. आमचे आजोबा सांगायचे, हिवाळ्यात मिशनरी साहेब बैलगाड्या घेऊन निघायचे, गावाबाहेर तंबू ठोकायचे आणि रात्री पडद्यावर चित्रं दाखवायचे. पण साहेबांच्या आधी गावात जाऊन पाटलाशी बोलणारा, मावची, वसावी, पावरी बोलीत चित्राचा अर्थ सांगणारा आणि साहेब पुढे निघून गेले तरी मागे राहणारा तो आपला देशी प्रचारक. त्याचा पगार मिशनच्या वहीतून निघायचा. माझ्या लहानपणी ती वही जवळजवळ मिटली होती. मिशनरी परत गेले, प्रचारक इथेच राहिले, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न मंडळीच्या दारात येऊन बसला.

तो प्रश्न सोडवला महिला मंडळाने. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी ठराव केले असतील, मी नाही म्हणत नाही.

मंडळाची पद्धत अशी. प्रत्येक घरी एक डबा. स्वयंपाकाला तांदूळ किंवा ज्वारी काढली की त्यातली एक मूठ त्या डब्यात. महिनाअखेरीला डबा मंडळीत रिकामा करायचा. ही मूठधान्याची रीत आपल्या मंडळ्यांना नवी नाही. आमच्या मंडळाने तिला एक जोड दिली. मेळ्याच्या शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या निघायच्या. ज्या घराला ज्या प्रचारकाची चिठ्ठी आली, त्याच्यासाठी त्या घराने वर्षभर प्रार्थना करायची, आणि ती चिठ्ठी भाताच्या खळीने धान्याच्या डब्याला चिकटवायची. आमच्या घरचा डबा डालड्याचा होता. वरचं ताडाचं झाड निम्मं झिजलेलं आणि त्याच्या शेजारी पाळकीणबाईंच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या बायकोच्या, अक्षरातली चिठ्ठी. वरच्या ओळीत प्रचारकाचं नाव आणि त्याची गावं. खालच्या ओळीत त्याच्या बायकोचं नाव, मुलांची नावं, कोण कितवीत. आई मूठ टाकताना ती दुसरी ओळ वाचायची. वाचायची म्हणजे तिला पाठच झाली होती. त्यामुळे मोलगीच्या काकांच्या थोरलीला दहावीला गणित जड जातंय ही बातमी चुलीपाशी रोज देवाच्या कानावर जायची. थोरली पस्तीस मार्कांवर सुटली. मंडळात पेढे वाटले गेले आणि पास कोण झालं तेच कळेना, पोरगी की आमच्या आया.

ही दुसरी ओळ मंडळात आली ती खजिनदार आत्यांमुळे. आत्या मूळच्या अमळनेरकडच्या, विधवा, शाळेत शिपाई होत्या, आणि रागावल्या किंवा लाडात आल्या की अहिराणीवर यायच्या. मेळ्यात दुसऱ्या दिवशी दुपारी प्रचारकांचे अहवाल व्हायचे. मोलगीचे काका उभे राहायचे, किती गावं झाली, कुठे आजाऱ्यासाठी प्रार्थना केली, कुठे लोकांनी ऐकून घेतलं, कुठे कुत्री सोडली, सगळं सांगून खाली बसायला लागायचे. मग बायकांच्या बाजूने आत्यांचा आवाज यायचा.

"भाऊ, मोलगीनं सांगी झायं. आते घरनं सांगा."

"देव पुरवतो, ताई."

"देव पुरवस, ते माले माहीत शे. पन घरमा जवारी कितली शे?"

मांडवात हशा पिकायचा. काका मात्र हसायचे नाहीत. ते खाली बघायचे, कारण जून ते सप्टेंबर घरी काय शिजतं हे त्यांना नेमकं ठाऊक नसायचं. ते माहीत होतं काकूला आणि काकू बायकांच्या घोळक्यात पदर ओढून बसलेली असायची. मग आत्या तिच्याकडे वळायच्या. काकू आधी काही बोलायची नाही. दोन-तीन वर्षांनी बोलायला लागली. त्यातूनच ठरलं, की मेळ्यात देवाला दिलेल्या वस्तूंच्या लिलावाचे पैसे प्रचारकाच्या वाटखर्चाला आणि मूठधान्य त्याच्या घराला, तेही प्रचारकाच्या हाती न देता थेट घरधनिणीच्या हाती, पावसाळा लागायच्या आधी. मला आजही वाटतं, आमच्या मंडळीत झालेला हा सगळ्यांत शहाणा ठराव. फिरणारा माणूस लोकांना दिसतो, त्याला हार पडतात, त्याच्या ताटात पाहुण्याचं वाढलं जातं. तो फिरू शकतो ते ज्या घराच्या जिवावर, ते घर कुणाच्या अहवालात येत नाही.

विरोध झाला. दरवर्षी एक पंच उठायचे आणि बायबलमधल्या पौलाचा, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या फिरत्या प्रचारकाचा, दाखला द्यायचे. पौलाने स्वतः तंबू शिवून पोट भरलं, मंडळीवर भार टाकला नाही, मग आपल्या प्रचारकांनीही काही हातकाम करावं. त्यावर पाळकीणबाई शांतपणे सांगायच्या, की त्याच पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीकडून मदत घेतली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तो कैदेत असताना त्या मंडळीतला एपफ्रदीत ती घेऊन गेला आणि त्या कामात मरता मरता वाचला. आणि सुवार्ता सांगणाऱ्याचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा, हे करिंथच्या मंडळीला पौलानेच लिहिलं. पंच जरा गप्प व्हायचे. शेवटचा घाव आत्यांचा असायचा. "पौल एकटा होता, भाऊ. पेत्राला बायको होती. सासूपण होती."

हिशेबाच्या बाबतीत मात्र आत्या पौलाच्या पक्क्या बाजूच्या. करिंथच्या दुसऱ्या पत्रात, वर्गणी नेताना कुणी बोट दाखवू नये म्हणून पौल तीत या आपल्या सहकाऱ्यासोबत आणखी भाऊ पाठवतो. आत्यांनी त्यावरून नियमच केला, की दानार्पणाची पेटी तिघींनी मिळून उघडायची आणि आकडा तिथल्या तिथे फळ्यावर लिहायचा. खडू शाळेचा, म्हणून त्याचेही पैसे जमाखर्चात दाखवलेले मी बघितलेत.

लिलाव म्हणजे आम्हा पोरांची जत्रा. मे म्हणजे घरोघरी कुरडया, पापड, बिबड्यांचा हंगाम, त्यामुळे टोपल्यांची रांग लागायची. शिवाय आंबे, तुरीची डाळ, अंडी, एखादं बकरू, आणि कोंबडा. कोंबडा कधीच एका बोलीत सुटला नाही. एस.टी.त कंडक्टर असलेले एक काका बोली पुकारायचे, "एक वार, दोन वार, अहो कोंबडा तुमच्याकडे बघतोय, तीन वार!" घेणारा पैसे भरायचा आणि कोंबडा पुन्हा देवाला द्यायचा. पुन्हा बोली. तोच कोंबडा तीनदा, चारदा विकला जायचा आणि शेवटी रात्री तो पाहुण्यांच्या रश्श्यात जाण्याऐवजी पडावाच्या मामांच्या घरी जायचा, हेही आत्यांचंच. बाहेरून आलेल्या एका वक्त्याने एकदा अशा लिलावाला बाजार म्हटलं होतं. वक्त्याचं जाण्या-येण्याचं भाडं त्याच कोंबड्यातून निघालं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पाहुण्याला काय सांगायचं?

पाहुण्यांची सोय मात्र उत्तम. मंडळीच्या आवारात एक खोली होती, तिला सगळे अलीशाची खोली म्हणायचे. बायबलमधल्या शूनेम गावच्या बाईने अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर खोली बांधून घेतली आणि तिथे पलंग, मेज, खुर्ची, दिवा ठेवला, तेवढंच सामान इथेही. नवऱ्याला सांगून तिनेच ते करवून घेतलं, यावर मंडळातल्या बायका दरवर्षी न चुकता बोट ठेवायच्या. खोलीला कुलूप नव्हतं. रात्री-बेरात्री गाडीने उतरलेला कोणताही प्रचारक दार ढकलून झोपायचा आणि सकाळी त्याला चहा मिळायचा. मडक्यात पाणी भरणं ही संडे स्कूलच्या मोठ्या मुलांची पाळी होती.

एका पावसाळ्यात मोलगीचे काका वर अडकून पडले. ओढ्यांना पूर, वाट बंद, फोन नावाची गोष्ट त्या मुलखात नव्हतीच. इकडे काकूला ताप भरला. ज्या घराकडे त्यांची चिठ्ठी होती त्या बाईने काकूंना चिंचपाड्याला हॉस्पिटलात नेलं, दुसरीने मुलं आपल्याकडे आणली, तिसरी गोठ्यातली गाय बघायला रोज जाऊन येत होती. काका परतले तेव्हा काकू अंगणात ऊन खात बसल्या होत्या. काका आत्यांवर चिडलेच, मला कळवलं का नाही म्हणून. आत्या म्हणाल्या, निरोप काय पुरातून पोहत नेणार होता? आणि कळलं असतं तर तुम्ही तिथे काय करणार होता, तेच ना, प्रार्थना? ती इथेही चालू होती. पुढच्या मेळ्यात काकांनी अहवाल दिला तो सगळा घरचाच. गावांचा आकडा सांगायचं विसरले, पाळकसाहेबांनी आठवण करून दिली.

प्रार्थनेबद्दल एक सांगायला हवं. लांब प्रार्थना करणारे आमच्याकडेही होते. एक मास्तर जेवणाआधीच्या प्रार्थनेत यरुशलेमपासून निघून सगळं जग फिरून यायचे आणि तोवर भात थंड व्हायचा. मंडळाच्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत मात्र आत्यांचा दंडक होता, की "सर्व सेवकांना आशीर्वाद दे" असं कुणी म्हणायचं नाही. नाव घ्या, गाव घ्या, काय हवंय ते मागा. चपला हव्यात तर चपला. आणि आमेन झाल्यावर आत्या विचारायच्याच, चपला कोण आणतंय?

आता धडगावपर्यंत डांबरी रस्ता आहे, प्रचारकांकडे मोटरसायकली आहेत, दानार्पणाच्या पेटीशेजारी क्यूआर कोड लावलाय. मला त्यात वाईट काही वाटत नाही. पडावावर अडकलेल्या माणसाला रात्री दहाला पैसे पोचतात, हे आत्यांना फार आवडलं असतं. फक्त मोबाइलवर येणारी प्रार्थना-विनंती वाचली की चुकल्यासारखं वाटतं. "सर्व सेवकांसाठी प्रार्थना करा" आणि खाली हात जोडलेली रांग. ते हात कुणासाठी जोडलेत ते जोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सुदैवाने महिला मंडळाने चिठ्ठ्या सोडलेल्या नाहीत. डालड्याचे डबे गेले, प्लास्टिकचे आले, त्याला खळ चिकटत नाही म्हणून सेलोटेप.

यंदाच्या मेळ्यात चर्चा रंगली ती मोलगीच्या वाटेवर आता फिरणाऱ्या तरुण प्रचारकाच्या मोटरसायकलवर. दोन्ही टायर गुळगुळीत झालेत आणि घाटात गाडी घसरते. त्याची बायको स्वतः उठून बोलली, पदर न ओढता, की टायर आधी बदला, धान्याचं मी बघते, माझी अंगणवाडीत नोकरी आहे. मंडळाने तरीही धान्याचा वाटा ठेवलाच. पुढचा टायर मंडळाकडून, मागचा तरुण संघाकडून असं ठरलं. मागचा जास्त झिजतो आणि महागही पडतो, यावर तरुण संघाने हरकत घेतली, आणि ट्यूबचे पैसे कुणी द्यायचे हा मुद्दा चहा येईपर्यंत चालला.