जुलाब नव्हतेच ते

सशाला जुलाब होतायत असं सांगत कोणी दवाखान्यात आलं की मी आधी एकच विचारते : सोबत सुक्या, गोल लेंड्याही पडतायत का? भुऱ्याला टॉवेलात गुंडाळून आणलेल्या आजींनी नातवाकडे पाहिलं. तो म्हणाला, "पडत होत्या. पण कालपासून काहीच नाही. ना लेंडी, ना जुलाब. खाणंपण बंद."

ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. सशानं अर्धा दिवस तोंड मिटलं तरी ती तातडीची केस असते, हा तर कालपासून उपाशी. अंग गार लागत होतं. ताप पाहिला तर ३७.२ अंश, निरोगी सशाचा साधारण ३८.५ ते ४० असतो. पोटाला कान लावला, आतड्यांची हालचाल जवळपास ऐकूच येईना. दात दुखत असले तरी ससे खाणं सोडतात, म्हणून तोंडही तपासलं; दात ठीक होते.

"काय खायला देता याला?"

आजींनी अगदी मायेनं सांगितलं. सकाळी पोळीचा तुकडा, दुपारी गाजर, संध्याकाळी मारी बिस्किट आणि कोथिंबीर. मग बुडाला घाण चिकटायला लागली, म्हणून दहीभात सुरू केला. आपल्याकडे पोट बिघडलं की हेच देतात, त्यांचं काय चुकलं? पण सशाला तेच बाधलं. पिठूळ अन्नानं त्याच्या मोठ्या आंधळ्या आतड्यातले, म्हणजे सीकममधले, जंतू बिघडतात. गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थंडावतं.

मुळात ते जुलाब नव्हतेच. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक सुकी लेंडी. दुसरी मऊ, चकचकीत, तुतीच्या फळासारखी गुच्छाची. ती तो थेट बुडाशी तोंड नेऊन खातो, कारण सीकममधल्या जंतूंनी तयार केलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तिच्यात असतात. पिठूळ, गोड खाण्यानं हा गुच्छ पातळ होतो. त्यात भुऱ्या इतका लठ्ठ झाला होता की त्याचं तोंड तिथवर पोचत नव्हतं. सुक्या लेंड्या चालू आणि बुडाला लगदा, म्हणजे बहुधा हीच भानगड. खरे जुलाब असते तर सुक्या लेंड्या दिसल्या नसत्या.

नातवानं हळूच विचारलं, "घरात अमॉक्सिसिलिनचं सिरप होतं, द्यायला हवं होतं का?" बरं झालं दिलं नाही. ते तोंडावाटे दिलं की सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो.

एक्स-रे काढला. सीकममध्ये गॅस होता, पण कुठे अडकल्याची खूण नव्हती. ते कळल्याशिवाय मी भरवत नाही. मग ऊब, कातडीखाली कोमट सलाइन, वेदनाशामक, आणि थोड्या वेळानं गवताच्या पिठाचा पातळ घोल सिरिंजनं, थोडा थोडा, गालाच्या बाजूनं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात बारक्या काळ्या लेंड्या दिसल्या. अगदी मोजक्याच, पण मी आजींना लगेच फोन केला.

घरी पाठवताना आधी फक्त वाळलेलं गवत लिहून दिलं, हवं तेवढं. गवताचे लांब, न पचणारे धागे त्याला फारसं पोषण देत नाहीत, पण आतडं तेच पुढे ढकलतात. शिवाय आयुष्यभर वाढणारे दात त्यांनीच झिजतात. आजींनी लसूणघासाचं विचारलं. पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम फार, लघवीत गाळ धरतो. पोट स्थिरावल्यावर एकेक पालेभाजी, आणि लेंड्या बिघडल्या की ती बंद. पेलेट, म्हणजे सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, मोजून, तंतू जास्त असलेल्या. पोळी, भात, बिस्किट कायमचं बंद. गाजराची पातळ चकती कधीतरी, यावर आजींशी बरीच घासाघीस झाली.

भुऱ्याचं वजन आता उतरलंय आणि बूड स्वच्छ असतं. पावसाळ्यात गवत सादळतं आणि बुरशी धरते, म्हणून त्यांना ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायला सांगितलंय. कुबट वास आला तर पूर्ण गठ्ठाच फेकायचा.